अवधी आणि अवधान : वर्गातील टायमरचा भाषिक विचार

कल्याणच्या पुढे कर्जतच्या बाजूस जाणाऱ्या लोहमार्गावर विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही स्थानके एकामागून एक लागतात. हा मार्ग १८५६ साली खोपोलीपर्यंत खुला झाला, आणि या टापूतील लोकजीवनावर घड्याळाची जी सत्ता तेव्हा सुरू झाली ती उत्तरोत्तर वाढतच गेली आहे. नोकरीनिमित्त रोज मुंबईस जाणारा येथील मनुष्य लोकलगाडीला मिनिटाच्या नावाने ओळखतो. 'आठ-सतराची चुकली', 'नऊ-चारची मिळाली' अशा धाटणीची वाक्ये येथे घरोघरी ऐकू येतात. संख्येला षष्ठीचा 'ची' हा प्रत्यय जोडून गाडीचे विशेषनाम बनविण्याची ही रीत कोणत्याही व्याकरणकाराने शिकविलेली नाही; ती फलाटावर जन्मली आणि तेथून स्वयंपाकघरात आली. मिनिट म्हणजे काय हे येथील मुलाला शाळेत जाण्यापूर्वीच ठाऊक असते, कारण एका मिनिटाच्या उशिराने वडिलांचा दिवस कसा बिघडतो हे त्याने पाहिलेले असते.

हाच मुलगा वर्गात बसतो तेव्हा मात्र मिनिटाचा अर्थ पालटतो. शिक्षक म्हणतात, 'पाच मिनिटांत उतारा वाचा आणि तीन प्रश्न काढा.' येथील 'पाच मिनिटे' हे कालमान आहे असे वर्गातील कोणीही समजत नाही. मराठी बोलीत 'पाच मिनिटांत आलो', 'दोन मिनिटे थांब' हे वाक्प्रयोग झाले आहेत. त्यांचा अर्थ 'लवकरच' किंवा 'थोडा वेळ' इतकाच असतो आणि 'लवकर' म्हणजे किती हे बोलणाऱ्याच्या सोयीवर अवलंबून राहते. शिक्षकांची पाच मिनिटे कधी तीन मिनिटांत संपतात, कधी बारा मिनिटे चालतात. विद्यार्थ्यांना याचा अनुभव इतका पक्का असतो की पहिला काही वेळ पेन्सिलीस टोक काढण्यात घालविणे हेच त्यांच्या दृष्टीने शहाणपणाचे ठरते. ज्या अवधीची सीमा कोणालाच दिसत नाही, त्यात काम आरंभण्याची निकड कोणाला वाटावी? काम हे त्यासाठी उपलब्ध असलेला वेळ भरून टाकण्याइतके पसरते, असे सिरिल पार्किन्सन यांनी १९५५ साली कचेऱ्यांविषयी विनोदाने लिहिले होते. वर्गात ते विनोदावाचूनही खरे ठरते.

ठरविलेला अवधी उलट मोजत संपवीत नेणारे साधन, म्हणजे ज्याला आज सर्रास टायमर म्हणतात ते, वर्गात आणण्याचे पहिले प्रयोजन येथे सापडते. भिंतीवरील घड्याळ किती वाजले ते सांगते. टायमर किती उरले ते दाखवितो. 'पाच मिनिटे' हा वाक्प्रयोग त्यामुळे पुन्हा कालमान होतो आणि शिक्षकांचा शब्द शब्दशः खरा ठरतो. या साधनाने वर्गाचा उत्साह वाढतो असे जे म्हटले जाते, त्यातील बराचसा भाग या खरेपणाचा आहे. शर्यतीच्या चुरशीचा वाटा लोक समजतात त्याहून लहान आहे.

उरलेला अवधी सर्वांना दिसेल अशा रीतीने मोजण्याची कल्पना मराठी माणसाला नवी नाही. अंबरनाथच्या शिवमंदिरातील शिलालेखात शके ९८२, म्हणजे इ. स. १०६०, असा काल दिलेला आहे. त्या काळी दिवसाचे साठ भाग करीत आणि प्रत्येक भागास घटिका म्हणत. बुडाशी बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी पाण्यावर तरंगत ठेवली की ती हळूहळू भरे आणि बुडे. ती बुडण्यास लागे तो काळ एक घटिका, आजच्या हिशेबाने चोवीस मिनिटे. लग्नघरी मुहूर्त साधण्यासाठी घंगाळात असे घटिकापात्र सोडून त्यावर लक्ष ठेवण्याची रीत महाराष्ट्रात दीर्घकाळ चालत आली. 'घटका भरली' हा वाक्प्रचार त्या वाटीतून आला. भास्कराचार्यांच्या लीलावतीची कथा प्रसिद्धच आहे : तिच्या अलंकारातील मोती घटिकापात्रात पडून छिद्र बुजले, वाटी बुडालीच नाही आणि मुहूर्त टळला. ही कथा फैजीने १५८७ साली केलेल्या 'लीलावती'च्या फार्सी भाषांतरातून पसरली. ती इतिहास म्हणून घेण्याजोगी नाही, परंतु बिघडलेल्या टायमरची इतकी जुनी गोष्ट दुसरी क्वचितच आढळेल.

शाळेचा 'तास' हा शब्दही याच कुळातला. फार्सीतील 'तास' म्हणजे पसरट वाटी किंवा थाळी. मराठीत तो काळ जाहीर करण्यासाठी वाजवावयाच्या धातूच्या थाळीचे नाव झाला, पुढे त्या थाळीच्या ठोक्याने सुचविलेल्या काळाचे, आणि अखेर शाळेतील एका पाठाचे. 'प्रहर' या संस्कृत शब्दाच्या मुळाशीही आघात म्हणजे ठोकाच आहे. 'तास बुडविणे' या विद्यार्थिप्रिय प्रयोगाचा संबंध बुडणाऱ्या वाटीशी जोडण्याचा मोह येथे होतो. पण तो आवरणे बरे, कारण मराठीत कर्जही बुडविले जाते आणि शाळाही. घटिकेचे साठ भाग ती पळे; एक पळ चोवीस सेकंदांचे. आर्यभटीयात पळाएवढ्या या कालविभागाचे मान साठ गुरू अक्षरे उच्चारण्यास लागणारा वेळ असे दिले आहे. म्हणजे एका गुरू अक्षरास दोन पंचमांश सेकंद. काळ मोजण्याचे मूळ माप माणसाचे बोलणे हेच होते, आणि वर्गातील टायमरचा विचार करताना ही गोष्ट पुढे फार उपयोगी पडणार आहे.

'अवधी' आणि 'अवधान' हे दोन्ही शब्द 'अव' हा उपसर्ग लागलेल्या 'धा' या एकाच धातूपासून निघाले आहेत. एकात सीमा ठेवणे आहे, दुसऱ्यात मन ठेवणे आहे. व्युत्पत्ती हा काही पुरावा नव्हे. तरी वर्गात या दोहोंचा संबंध कसा येतो तो साध्या गणिताने पाहता येतो. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी ३० विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक आणि सहावी ते आठवीसाठी ३५ विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक असे प्रमाण ठरविले. पस्तीस मिनिटांच्या तासिकेत पस्तीस विद्यार्थी असतील आणि शिक्षक स्वतः एक अक्षरही बोलले नाहीत, तर प्रत्येकाच्या वाट्यास एक मिनिट येते. विद्यार्थी साठ असतील तर पस्तीस सेकंद. शिक्षक निम्मा वेळ बोलले, हजेरी झाली, वह्या वाटल्या, की उरतात पाच-दहा सेकंद. त्यांचीही वाटणी समान होत नाही. पुढच्या बाकावरील चार-पाच हात सतत वर असतात आणि उरलेला वर्ग श्रोता बनतो.

यावर जोडीने बोलण्याचा उपक्रम हा चांगला तोडगा आहे. अमेरिकन शिक्षक फ्रँक लायमन यांनी १९८१ साली मांडलेली रीत अशी : प्रश्न ऐकून प्रत्येकाने आधी एकट्याने विचार करावयाचा, मग शेजाऱ्याशी बोलावयाचे, आणि नंतर वर्गापुढे मांडावयाचे. एकाने एक मिनिट बोलावे, मग दुसऱ्याने एक मिनिट, असे ठरविल्यास दोन मिनिटांत साठही मुले बोलून होतात. परंतु टायमर नसेल तर ही व्यवस्था क्षणात मोडते. बोलका सोबती दोन्ही मिनिटे खाऊन टाकतो, अबोल सोबती ती आनंदाने देऊन टाकतो आणि तीस जोड्यांचा कलकलाट थांबविण्यासाठी शिक्षकांना टेबलावर डस्टर आपटावे लागते. टायमरची घंटा मध्ये झाली म्हणजे पाळी बदलते. ती कोणाची बाजू घेत नाही आणि तिच्यावर कोणी रागावत नाही. थांबविण्याचा अप्रिय भाग यंत्राकडे गेल्यामुळे शिक्षक कोणत्या तरी एका जोडीपाशी जाऊन ऐकण्यास मोकळे होतात, हा लाभ लहान नव्हे.

तथापि या साधनाचा सर्वांत मोलाचा उपयोग बोलण्यापेक्षा न बोलण्याशी संबंधित आहे, आणि तो बहुधा दुर्लक्षित राहतो. मेरी बड रो या विज्ञानशिक्षणाच्या अभ्यासक विदुषीने अनेक वर्गांतील संभाषणे ध्वनिमुद्रित करून शिक्षकांच्या प्रश्नानंतरचा विराम मोजला. १९७४ साली त्यांनी प्रसिद्ध केलेला निष्कर्ष असा की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंद थांबतात. तेवढ्यात उत्तर न आल्यास ते प्रश्न पुन्हा विचारतात, सोपा करतात, दुसऱ्याकडे वळवितात किंवा स्वतःच उत्तर देतात. हाच विराम तीन सेकंदांपर्यंत वाढविला असता विद्यार्थ्यांची उत्तरे लांब झाली, 'माहीत नाही' असे म्हणणे घटले, विद्यार्थी स्वतः प्रश्न विचारू लागले आणि एरव्ही गप्प राहणारेही बोलू लागले. याच अभ्यासातील दुसरे निरीक्षण अधिक बोचरे आहे. ज्या विद्यार्थ्यांना शिक्षक हुशार समजत, त्यांच्यासाठी ते अधिक वेळ थांबत. ज्यांना मागे पडलेले समजत, त्यांच्यासाठी कमी. ज्याला वेळ हवा त्याचाच वेळ कापला जात होता, आणि तो कापणाऱ्यास त्याची जाणीवही नव्हती.

येथे शिक्षकांना दोष देणे सोपे आहे, पण ते शास्त्रीय दृष्टीने अपुरे ठरेल. दोन माणसांच्या संभाषणात एकाचे बोलणे संपल्यापासून दुसऱ्याचे सुरू होईपर्यंत किती वेळ जातो, हे तान्या स्टिव्हर्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली दहा भिन्न भाषांत मोजले. भाषाभाषांत थोडाबहुत फरक आढळला, तरी एकंदर सरासरी सेकंदाच्या पाचव्या हिश्श्याजवळ, म्हणजे आर्यभटाच्या अर्ध्या गुरू अक्षराएवढी भरली. गेल जेफरसन यांनी १९८९ साली इंग्रजी संभाषणांतील विरामांचा अभ्यास करून दाखविले की मौन सुमारे एक सेकंदापर्यंत खपते. त्यापुढे कोणी तरी ते मोडते. मेरी बड रो यांनी वर्गात मोजलेला एक सेकंद आणि जेफरसन यांनी वर्गाबाहेर मोजलेला एक सेकंद यांचा मेळ योगायोगाने बसलेला दिसत नाही. शिक्षक उतावीळ आहेत म्हणून ते एक सेकंद थांबतात असे नाही. ते मनुष्यासारखे संभाषण करतात म्हणून. तीन सेकंदांचे मौन हे नेहमीच्या विरामाच्या पंधरापट असते. संवादात त्याचा अर्थ नकार, नाराजी किंवा अडचण असा होतो, आणि साठ डोळ्यांच्या जोड्यांसमोर ते सहन करण्यास विलक्षण धैर्य लागते.

म्हणूनच टायमर. दहा सेकंदांचे वाळूचे घड्याळ टेबलावर उलटे करून 'हे संपेपर्यंत कोणी हात वर करावयाचा नाही' असे सांगितले की मौनाचा अर्थच बदलतो. ते कोणाच्या अज्ञानाचे राहत नाही, उपक्रमाचा भाग होते. शिक्षकांना ते सोसावे लागत नाही, कारण त्याचा भार वाळूवर पडलेला असतो. ज्यांचे उत्तर पहिल्याच सेकंदाला तयार असते त्यांना उरलेल्या नऊ सेकंदांत ते तपासून घेता येते, आणि ज्यांचे आठव्या सेकंदाला तयार होणार असते त्यांना प्रथमच संधी मिळते.

प्रस्तुत तीन नगरांत हा प्रश्न अधिक तीव्र आहे, कारण येथील वर्गात घरची भाषा आणि वर्गाची भाषा एक नसणे हा अपवाद नाही. उल्हासनगर म्हणजे दुसऱ्या महायुद्धातील कल्याणची लष्करी छावणी. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना तेथे बराकींतून वसविण्यात आले आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते नव्या नगराची कोनशिला बसली. 'कॅम्प नंबर चार', 'कॅम्प नंबर पाच' ही छावणीची नावे लोकांच्या तोंडी अजून टिकून आहेत. १९६७ साली राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत स्थान मिळालेली सिंधी भाषा येथील घरांत आणि बाजारात ऐकू येते. अंबरनाथ आयुधनिर्माणी व इतर कारखान्यांमुळे वाढले आणि कामगारांबरोबर अनेक प्रांतांच्या भाषा तेथे आल्या. बदलापूरच्या आसपासच्या गावांत आगरी बोली आहे. तीत 'ण' आणि 'ळ' यांच्या जागी 'न' आणि 'ल' येतात, त्यामुळे 'पाणी' आणि 'काळा' हे शब्द लिहिताना आगरी मुलाला ऐकलेला ध्वनी बाजूस ठेवून वर्गातील ध्वनी आठवावा लागतो. डोंगराकडच्या पाड्यांतून ठाकूर व कातकरी मुले येतात. शिवाय २०२० च्या कायद्याने राज्यातील सर्व माध्यमांच्या शाळांत मराठी हा विषय टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला. मराठी दुसरी किंवा तिसरी भाषा म्हणून शिकणारे विद्यार्थी त्यामुळे वाढले, आणि त्यांना थांबण्याची गरजही वाढली.

या मुलाच्या मनात काय घडते ते एका लहानशा उदाहरणाने ध्यानात येईल. फळ्यावर 'जग' हा शब्द आहे. मराठी घरातील मुलगी वाक्य पाहताच 'दुनिया' या अर्थी तालव्य 'ज' आणि 'जिवंत राहा' या अर्थी दंततालव्य 'ज' उच्चारते. आपण निवड केली हे तिला कळतही नाही. सिंधी किंवा हिंदी घरातील मुलाच्या भाषेत हा भेद नाही. त्याला वाक्याचा अर्थ लावावा लागतो, अर्थावरून ध्वनी ठरवावा लागतो, आणि मग तो ध्वनी जिभेला जमवावा लागतो. प्रश्न समजणे, उत्तर सुचणे, ते आपल्या भाषेतून मराठीत आणणे, लिंग-वचन-विभक्ती जुळविणे, इतक्या पायऱ्या तो चढेपर्यंत वर्ग पुढच्या प्रश्नावर गेलेला असतो. वर्षभर असेच घडत गेले तर तो चढणे सोडून देतो. आणि प्रगतिपुस्तकावर शेरा येतो, 'वर्गात भाग घेत नाही.'

इतक्या विवेचनानंतर टायमरचा दुरुपयोग कोणता हे वेगळे सांगण्याची फारशी गरज नाही, परंतु तो इतका रूढ होत आहे की त्याकडे डोळेझाक करणेही योग्य होणार नाही. मोबाइलवर किंवा पडद्यावर खेळावयाच्या प्रश्नमंजूषांत उत्तर जितके लवकर तितके गुण अधिक, अशी योजना पुष्कळदा असते. नॉर्वेत तयार होऊन २०१३ मध्ये प्रसारात आलेल्या 'कहूत' या खेळाने ही पद्धत जगभर नेली. वर्गात त्याने चैतन्य येते हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु प्रश्न मराठीत लिहिलेला असेल, तर गुण ज्ञानाला मिळाले की वाचनाच्या वेगाला, हे त्या गुणफलकावरून सांगता येत नाही. जोडाक्षर फोडून वाचणारा विद्यार्थी बरोबर उत्तर देऊनही तळाशी राहतो, आणि त्याचे नाव तळाशी असल्याचे सर्वांना दिसते. गुण केवळ उत्तराच्या अचूकपणाला द्यावयाचे आणि टायमर केवळ खेळ पुढे सरकण्यासाठी ठेवावयाचा, अशी सोय जेथे असेल तेथे ती वापरणे इष्ट.

बाहेरून लादलेल्या मुदतीचा आणखी एक परिणाम तेरेसा अमाबिले व सहकाऱ्यांनी १९७६ साली प्रयोगाने दाखविला. शब्दखेळ सोडविण्यासाठी ज्यांना मुदत घातली, त्यांनी तो मुदतीत सोडविला खरा. पण नंतर मोकळ्या वेळात तोच खेळ पुन्हा हाती घेण्याची त्यांची ओढ कमी झाली. सहभाग वाढविण्यासाठी आणलेले साधन आवड घटवू शकते, हे ज्या शाळांत प्रत्येक उपक्रमाला टायमर लावण्याची टूम निघाली आहे त्यांनी लक्षात घ्यावे. टिकटिक आवाज करणारे, शेवटच्या दहा सेकंदांत लाल होऊन किंचाळणारे टायमर तर वर्गात नकोतच. घटिकापात्र बुडताना ओरडत नसे.

साधन कसले असावे याविषयी फार चर्चा करण्याचे कारण नाही. ज्या शाळेत प्रक्षेपक आहे तेथे पडद्यावर आकडे दाखविता येतील. जेथे नाही तेथे शिक्षकांचा मोबाइल चालेल, मात्र तो मुलांना दिसत नाही हा त्याचा दोष. दोन प्लास्टिकच्या बाटल्या तोंडास तोंड लावून, मधल्या झाकणांना छिद्र पाडून, कोरडी व चाळलेली वाळू घातली की चांगले वालुकायंत्र तयार होते. ते करताना विज्ञानाचा एक उत्तम पाठही होतो. बाटलीच्या तळाशी छिद्र पाडून पाणी सोडले तर पातळी उतरेल तसा वेग मंदावतो : सरळ भिंतींच्या भांड्याचा वरचा अर्धा भाग एकूण वेळेच्या सुमारे तीन दशांशात रिकामा होतो आणि खालच्या अर्ध्यास सुमारे सात दशांश लागतात. सारख्या अंतरावर खुणा केल्या तर पहिली मिनिटे लहान आणि शेवटची मोठी निघतील. वाळूचे तसे नाही. कणांच्या परस्परांशी व भिंतींशी होणाऱ्या घर्षणामुळे वरचा बराचसा भार भिंतीच पेलतात, आणि छिद्रातून पडणारी धार अखेरपर्यंत जवळजवळ सारखी राहते. दोन्ही यंत्रे शेजारी ठेवून मुलांनाच हा फरक शोधावयास सांगावे. पावसाळ्यात बदलापुरासारख्या ठिकाणी दमट वाळू छिद्राशी अडकते. ती तव्यावर भाजून घेऊन बाटल्यांचा सांधा चिकटपट्टीने पक्का बंद करावा, नाहीतर लीलावतीच्या मोत्याची पुनरावृत्ती व्हावयाची.

अवधी किती ठेवावा हा मात्र खरा कौशल्याचा भाग आहे. विचार करण्यासाठी दहा ते तीस सेकंद, जोडीत बोलण्यासाठी प्रत्येकी एक मिनिट, चार ओळी लिहिण्यासाठी चार-पाच मिनिटे, असा साधारण अंदाज धरता येईल. पण दुसऱ्या भाषेत लिहिणाऱ्यांच्या वर्गात तो सरळ दीडपट करून पाहावा. इटलीतील फ्रान्चेस्को चिरिल्लो यांनी १९८० नंतरच्या दशकात टोमॅटोच्या आकाराचा स्वयंपाकघरातील टायमर घेऊन २५ मिनिटे एकाग्र अभ्यास व मग विश्रांती अशी पद्धत बसविली. ही पंचवीस मिनिटे आपल्या घटिकेहून अवघ्या एका मिनिटाने अधिक आहेत, यावरून पूर्वजांना सर्व ठाऊक होते असा निष्कर्ष काढणारे निघतील. त्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की घटिका दिवसाचे साठ भाग करून आली, एकाग्रता मोजून नव्हे. स्वाध्याय करणाऱ्या प्रौढ विद्यार्थ्यास हा अवधी सोयीचा असला, तरी पस्तीस मिनिटांच्या तासिकेत तो बसत नाही.

वेळ संपली आणि अर्ध्या वर्गाचे काम अपुरे राहिले, असे वारंवार घडेल. तेव्हा 'बरे, अजून दोन मिनिटे घ्या' असे म्हणण्याचा मोह टाळावा. त्या एका वाक्याने 'पाच मिनिटे' पुन्हा वाक्प्रयोग होतात आणि पुढच्या वेळी वाळूकडे कोणी पाहत नाही. काम जेथे थांबले तेथे रेघ मारावी, झाले तेवढे वर्गापुढे यावे, आणि उरलेल्यासाठी नवा अवधी जाहीर करून वाळू पुन्हा उलटी करावी. त्याहून चांगले म्हणजे कामाला किती वेळ लागेल हे आधी मुलांनाच विचारावे. लोकलचा हिशेब जाणणारी ही मुले अंदाज करण्यात कच्ची नसतात, आणि स्वतः सांगितलेली मुदत त्यांना लादल्यासारखीही वाटत नाही. टायमर राखण्याचे काम आळीपाळीने एकेका विद्यार्थ्याकडे द्यावे. नव्याने आलेल्या, मराठीत बोलण्यास बिचकणाऱ्या विद्यार्थ्याला ते आधी द्यावे. 'सुरू', 'अर्धा वेळ झाला', 'थांबा' एवढे तीनच प्रयोग सर्व वर्गाला ऐकू जातील असे बोलण्याचा अधिकार त्याला त्यातून मिळतो. तोच विद्यार्थी शिक्षकांच्या निवेदनालाही वेळ लावू शकतो, आणि सात मिनिटे ठरवून चौदा मिनिटे बोलणाऱ्या शिक्षकांना 'थांबा' असे म्हणू शकतो. याला किती शिक्षक तयार होतील ते पाहण्यासारखे आहे.

काही गोष्टींना टायमर लावूच नये. कविता प्रथम वाचून दाखविताना, प्रयोगशाळेत आम्ल हाताळताना, किंवा कातकरी पाड्यावरून आलेली मुलगी वर्षभरात पहिल्यांदा उभी राहून स्वतःच्या घरातील शब्द मराठी शब्दाशेजारी ठेवून समजावू लागते तेव्हा, ते यंत्र टेबलाच्या खणात असावे.